गोधडीवरचा नकाशा

माझा भूगोल महाराष्ट्राच्या सीमेपाशी संपला. आमच्या वेळी तिसरीला ठाणे जिल्हा होता आणि चौथीला महाराष्ट्र. चौथीनंतर वडिलांनी वळ गावच्या शाळेतून माझं नाव काढलं, त्यामुळे गुजरात, मध्य प्रदेश ही माझ्या लेखी नुसती शेजारची घरं राहिली. नावं माहीत, आत काय आहे ते ठाऊक नाही. पुढे लग्न होऊन भिवंडीत आले, आणि काही वर्षांनी पाचवी ते सातवीच्या मुलांना मिसर देश म्हणजे इजिप्त, चीन आणि सिंधू नदी शिकवायला लागले.

दिवाळी अंकात निवृत्त शिक्षकांचे, पोस्टमनचे, डॉक्टरांचे लेख येतात. ते मी आवडीने वाचते. मी कुठल्या शाळेत नव्हते, म्हणून मला निवृत्त होता आलं नाही. मुलं यायची बंद झाली आणि काम संपलं, एवढंच. हे कुठे पाठवायचं नाही. माझ्या कामाबद्दल मीच लिहिते आहे, माझ्याचसाठी.

माझी मुलगी सुनंदा पाचवीत गेली तेव्हाची गोष्ट. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ असेल. ती धडे मोठ्याने वाचायची आणि मी भाकऱ्या थापता थापता ऐकायचे. मधेच म्हणायचे, "थांब, ते पुन्हा वाच." ती कंटाळायची. "आई, परीक्षा तुझी आहे का माझी?" शेवटी मीच तिचं पुस्तक घेऊन वाचायला लागले आणि तिला सांगायला लागले. वाचण्यापेक्षा तिला ऐकणं बरं वाटलं. मग शेजारची मुलं येऊन बसायला लागली. आमच्या गल्लीत सगळी लूमवरची, म्हणजे यंत्रमागावरची माणसं. बाप दिवसपाळीला तर काका रातपाळीला. पोरांचा धडा ऐकायला कुणाला वेळ नव्हता, आणि बऱ्याच जणांना अक्षरही येत नव्हतं.

गणित आणि इंग्रजी मला येत नव्हतं, ते मी आधीच सांगून टाकलं. इतिहास आणि भूगोल माझे. सकाळी धडा दोन-तीनदा वाचायचा आणि दुपारी तो सांगायचा, ही माझी पद्धत. मला जे कळलं नाही ते मुलांनी शाळेत विचारून यायचं आणि मला शिकवायचं. मी त्यांच्यापेक्षा एक धडा पुढे असायचे, कधी अर्धाच.

मी फार लोकांत बोलणारी बाई नव्हते, आजही नाही. बाहेरच्या खोलीत दाराकडे पाठ करून बसायचे, म्हणजे गल्लीतून जाणारा येणारा दिसत नसे. माणूस दिसलं की माझा आवाज आत जायचा. पोरांसमोर जात नव्हता. आमच्याकडे आवाज काढावाच लागतो म्हणा. चारही बाजूंनी लूमची खटखट. लाइट गेली की एकदम शांतता व्हायची आणि आपण केवढ्याने ओरडत होतो ते तेव्हा कळायचं.

जुन्या संस्कृती शिकवायच्या तर राजांच्या नावांनी सुरुवात करू नये, हे मी अनुभवाने शिकले. नदीने करावी. नाईल, तैग्रिस आणि युफ्रेटिस, सिंधू, चीनची पिवळी नदी. नदी कुठे आहे ते डोक्यात बसलं की गाळ आला, शेती आली, धान्य साठवायला कोठार आलं, कोठारावर नजर ठेवायला माणूस आला, आणि पुढे तोच राजा झाला. पोरांना हे पटायचं. पण त्यासाठी नकाशा हवा. शाळेत नकाशा होता, गुंडाळून कपाटात. साठ पोरांच्या वर्गात तो तोंडी परीक्षेलाच बाहेर निघायचा. पुस्तकातला नकाशा तळहाताएवढा.

मला शिवण येत होतं. आमचे हे सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला होते, तिथल्या ओळखीने डाग लागलेलं मांजरपाट मिळायचं. त्याची दुपदरी गोधडी केली आणि पुस्तकातला नकाशा बघून कोळशाने त्यावर काढला. आफ्रिकेपासून चीनपर्यंतच. पलीकडचं जग कापडात मावलं नाही. किनारे काळ्या दोऱ्याने शिवले, नद्या निळ्या सुताने, डोंगर तपकिरी टाक्यांनी. आफ्रिका जरा फुगली आणि अरबस्तानाचं टोक शिवणीत गेलं, पण ओळखता येत होतं. नावं काही लिहिली नाहीत. दोऱ्याने बारीक अक्षर काढणं जमेना, आणि नावं मुलांनी तोंडाने सांगायची, मी बोटाने दाखवायचं, असं ठरवलं.

आमचे हे बघून म्हणाले, "शिकवणी घेतेस का गोधड्या विकतेस?"

मुलं गोधडीच्या चारही बाजूंनी गोल करून बसायची. त्यात दिलीप नावाचा एक होता, दिघाशी गावाहून मामाकडे शिकायला आलेला. त्याला गप्प बसणं माहीत नव्हतं. मिसरमध्ये मेलेल्या राजाला कापडाच्या पट्ट्या गुंडाळायचे, हे सांगितलं तर म्हणाला, "मावशी, मेलेल्याला येवढा कापड? आमच्या मामाच्या शेठला सांगा, त्याचा माल न्हाय खपत." सिंधू संस्कृतीच्या लोकांना कापूस माहीत होता, ते सूत कातायचे, हे वाचून दाखवलं तेव्हा मात्र सगळेच ताठ बसले. तेवढ्यात दिलीपने विचारलं, "तवा पन लाइट जायाची?"

आता रशिदाबद्दल.

रशिदा आमच्या समोरच्या घरातली. युसूफभाईंची मुलगी. ही मंडळी मूळची किनाऱ्याकडची, पण पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत राहिलेली. घरामागे त्यांचे स्वतःचे दोन-चार लूम होते. युसूफभाई स्वतः चालवायचे आणि घरातल्या बायका कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. ती सारखी रिकामी होते आणि सारखी भरून द्यावी लागते. दुपारच्या कांड्या भरण्याचं काम रशिदाचं होतं. ती भरून ठेवून माझ्याकडे यायची आणि कमी पडल्या की परत पळायची.

खटखटाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडे हाताने बोलावतात. युसूफभाई दारात येऊन हात वर करायचे. तो हात दिसला पाहिजे म्हणून रशिदाला दाराकडे तोंड करूनच बसावं लागे. मी दाराकडे पाठ केलेली, ती बरोबर माझ्यासमोर. बाकीची मुलं जागा बदलायची, भांडायची, एकमेकांना ढकलायची. रशिदाची जागा ठरलेली. तिथे कुणी बसत नसे.

मुलगी हुशार होती, पण सातवीत एकदा नापास झालेली. भूगोल-इतिहासात मार खाल्ला होता. युसूफभाईंनी माझ्यादेखत तिला सांगितलं होतं, "ह्या वेळेला नापास होऊन बसलीस ना, तर मग घरातच बस. चरखा हाय, कांड्या हायत." ते रागाने बोलले नव्हते. हिशेबाने बोलले होते, म्हणून मला जास्त भीती वाटली. म्हणून ती माझ्याकडे यायची. सातवी सुटली तर आठवी, नाही तर चरखा, हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. तिचं पुस्तक जुनं, कुणाकडून तरी घेतलेलं. आधीच्या मुलाने नकाशांची पानं वहीत चिकटवायला कापून नेली होती. त्यामुळे तिचा सगळा नकाशा म्हणजे माझी गोधडी.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, हा धडा चालू होता. मी बोट आफ्रिकेच्या पोटातून समुद्रापर्यंत नेलं. माझ्या बाजूला बसलेली सगळी पोरं ओरडली. दिलीप म्हणाला, "पाणी चढावर कसा जाईल, मावशी? पंप लावला व्हता काय?" माझी त्यांना समजावता समजावता पुरेवाट झाली. रशिदा तेवढी शांत होती. म्हणाली, "चढावर कुठे जाते? माझ्याकडे तर येते." मला वाटलं, हिला समजलं. मी तिचं कौतुक केलं आणि पुढच्या धड्याकडे वळले.

सहामाहीच्या तोंडी परीक्षेला शाळेतल्या सामंतबाईंनी मोठा नकाशा भिंतीवर लावला. नावं नसलेला. रशिदाला नाईल विचारली, तिने चीनवर बोट ठेवलं. चीनची नदी विचारली, ती आफ्रिकेत गेली. सिंधू तेवढी जवळपास सापडली. शेवटी बाईंनी सोपा म्हणून अरबी समुद्र विचारला, तर तिने बंगालचा उपसागर दाखवला.

"भिवंडीत राहतेस ना गं?" बाई म्हणाल्या. "मग सूर्य काय वसईच्या खाडीतून उगवतो तुमच्याकडे?"

वर्ग हसला. नकाशाच्या गुणांत भोपळा. हे मला सुनंदाने सांगितलं, ती तोवर सातवीत रशिदाच्याच वर्गात आली होती; रशिदा दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि कोपऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "मावशी, मला सगळं येतं हो. तिथे गेले की सगळं जागेवर नसतं."

मी बाकीच्या मुलांना लवकर सोडलं आणि गोधडी पुन्हा पसरली. ती आपल्या जागी बसली. नाईल? बोट बरोबर. तैग्रिस, युफ्रेटिस? बरोबर, दोन्ही. पिवळी नदी? बरोबर, वळणासकट. अरबी समुद्र? अगदी मधोमध. मला काही समजेना. मी पाणी प्यायला उठले आणि येताना तिच्या मागून आले. तिच्या खांद्यावरून खाली बघितलं आणि क्षणभर मला माझीच गोधडी ओळखता आली नाही. श्रीलंका वर, हिमालय खाली. मिसर उजव्या हाताला, चीन डाव्या. इतके महिने ही मुलगी हे जग बघत होती, आणि गोधडीवर एकही अक्षर नव्हतं, त्यामुळे ते उलटं आहे हे तिला सांगणारं काही नव्हतं.

मी तिला हात धरून माझ्या जागेवर नेऊन बसवलं. तिने पाहिलं, पुन्हा आपल्या जागेकडे पाहिलं.

"म्हणजे मी सगळं उलटं पाठ केलं?"

"उलटं नाही गं. तुझ्या बाजूने केलंस."

"परीक्षेत माझी बाजू कोण विचारतो?" ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला आधी वाटलं, सोपं आहे, गोधडी फिरवायची. दुसऱ्या दिवशी फिरवली. लगेच दिलीप ओरडला, "मावशी, माझी आफ्रिका कोन पळवली?" ते चाललं असतं. पण रशिदाला ती फिरवलेली गोधडी म्हणजे नवाच देश झाला. डोळे एक सांगायचे आणि हात जुन्या जागी जायचा. पुसून पुन्हा लिहायला तिचं डोकं म्हणजे पाटी नव्हती. जे आहे ते मोडायचं नाही आणि तेच सुलट करायचं, असं काहीतरी हवं होतं.

लेखी परीक्षेचा मार्ग लवकर सापडला. कागद फिरवता येतो. मी तिला सांगितलं, नकाशाचा कागद हातात आला की तुझ्या बाजूने फिरव, जागांवर टिंबं दे, मग कागद सरळ कर आणि टिंबांपुढे नावं लिही. दोन दिवसांत तिला ते जमलं. पण तोंडीला भिंत फिरवता येत नाही.

मग मी गोधडीच उचलायला लावली. घरात कपडे वाळत घालायची दोरी होती, ती आडवी बांधली. रशिदाच्या गुडघ्यापाशी हिमालयाची कड असायची. तिला म्हटलं, "दोन्ही हातांनी हिमालय धर. आता उभी राहा आणि तो डोक्याच्या वर ने. दोरीवर चिमट्यांनी लाव. आता फिरून पुढच्या बाजूला ये." ती आली. समोर नकाशा भिंतीवर लावल्यासारखा लटकत होता. "तूच उचललास ना हिमालय? कुठे गेला?"

"वर."

"मग त्याच्याबरोबर सगळं गेलं. नाईल बघ."

पहिल्यांदा बोट चुकलं. पुन्हा गोधडी खाली, पुन्हा ती आपल्या जागी, पुन्हा हिमालय उचलायचा. मागच्या बाजूला बसलेल्या पोरांना गोधडीची उलटी शिवण दिसायची आणि ती हसायची. रोज दुपारी हाच उद्योग.

अडचण एकच उरली. नकाशासमोर उभी राहिली की रशिदाची पाठ दाराकडे व्हायची. बापाचा हात दिसणार कसा? एकदा तो हात दिसला नाही, लूम थांबला, आणि युसूफभाई रागाने आमच्या दारापर्यंत आले. तिला ओढूनच नेलं. त्या दिवशी मला वाटलं, आता येणं बंद.

दुसऱ्या दिवशी मी दाराकडे तोंड करून बसले.

लिहायला हे एक वाक्य आहे. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस मला दिसत होता आणि मी त्याला. भाजीवाला, मौलवीसाहेब, सायझिंगमधले आमच्या ह्यांचे सोबती. माझा आवाज इतका बारीक झाला की पोरं म्हणाली, "मावशी, मोठ्याने." थोड्या वेळाने युसूफभाई दारात आले, हात वर केला, समोर मुलीऐवजी मी. हात अर्ध्यावर थांबला. मीही काय करावं ते न सुचून हात वर केला आणि म्हटलं, "रशिदा, जा, बोलावतायत." मग रोजचंच झालं. ते हात वर करायचे, मी हात वर करायचे, पोरगी पळायची.

आठवड्याने आमचे हे जेवताना म्हणाले, "सायझिंगमध्ये विचारत होते, तुझी बायको युसूफभाईला हात का करते?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, भूगोल शिकवते." आणि आमटी वाढ म्हणाले.

वार्षिक परीक्षा आली. लेखी पेपर झाल्यावर रशिदा टिंबं बरोबर पडली म्हणाली. तोंडी परीक्षेच्या दिवशी मात्र मी घरात स्वस्थ बसू शकले नाही. एकदा निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. दुपारी सुनंदा आणि ती दोघी धावत आल्या आणि दोघी एकदम बोलायला लागल्या.

झालं होतं असं. रशिदाला पुढे बोलावलं. बाई म्हणाल्या, "सांग, नाईल." ही हलेना. मागून कुणीतरी म्हणालं, "चीनमध्ये!" मग ही नकाशाजवळ गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि नकाशाच्या वरच्या कडेला दोन्ही हात लावून, दोरीवर कपडा टाकतात तसे वर ढकलले.

"काय करतेस गं? पाडशील नकाशा."

"हिमालय वर ठेवते, बाई."

सगळा वर्ग हसला. सामंतबाईही हसल्या म्हणे. मग तिने नाईल दाखवली. उगमापासून समुद्रापर्यंत, बोट खालून वर नेऊन. मग तैग्रिस आणि युफ्रेटिस, मग सिंधू, मग चीनची नदी. शेवटी बाईंनी अरबी समुद्र विचारला. तिने तोही दाखवला आणि सांगितलं, "सूर्य इथे मावळतो."

पुढे रशिदा सातवी पास झाली. फार गुण नव्हते, पण पास. निकालाच्या दिवशी मला आनंद झाला आणि लगेच धाकधूकही वाटली, कारण पास झाली म्हणजे पाठवतीलच असं कुणी म्हटलं नव्हतं. नापास झाली तर बसवीन, एवढंच ते म्हणाले होते. समोरच्या घरात त्या संध्याकाळी बराच वेळ बोलणं चाललं होतं. लूम चालू होते, एक अक्षर ऐकू आलं नाही. दारातून हात हललेले तेवढे दिसले.

सकाळी रशिदाची आई, हमीदाभाभी, आमच्या दारात आल्या. बरोबर रशिदा, तिच्या डोक्यावर सुताचं पोतं आणि हातात चरखा. पोतं त्यांनी माझ्या खोलीच्या मधोमध ठेवायला लावलं, गोधडी पसरायचे तिथेच.

"सुनंदाच्या आई," त्या म्हणाल्या, "पोरगी आठवीला जाते म्हणते. बापाने हो म्हटलंय. आता दुपारची शाळा, मग दुपारच्या कांड्या कोण भरणार? मी दोन हातांनी काय काय करू?"

मी गोधडीची घडी उचलून बाजूला ठेवली.

"तुम्हीच तिच्या डोक्यात नद्या भरल्यात ना? आता कांड्या पण तुम्हीच भरा." एवढं बोलून त्या चौकटीला टेकल्या आणि हसायला लागल्या. पण पोतं परत उचललं नाही.

मला चरखा येत नव्हता. तो रशिदाने शिकवला. सूत कसं धरायचं, बोटाला चटका बसू नये म्हणून किती ढिलं सोडायचं, कांडी टोकाशी बारीक कशी ठेवायची. मी भरलेल्या पहिल्या कांड्या युसूफभाईंनी परत पाठवल्या. धोट्यात अडकत होत्या. तिने पुन्हा दाखवलं.

ती दहावी होईपर्यंत तिच्या वाट्याच्या दुपारच्या कांड्या मी भरल्या. माझे हात गुंतलेले असायचे, म्हणून गोधडीवर बोट ठेवून दाखवायचं काम पोरं करायला लागली, आणि मला वाटतं त्यानंतरच ती जास्त चांगली शिकली. युसूफभाई दारात येऊन हात वर करायचे. मी चरखा थांबवून दिलीपला म्हणायचे, "भरलेल्या कांड्या देऊन ये, आणि येताना सांग, नाईलच्या काठी पहिल्यांदा काय पिकलं."